तीन वाजताचं ऊन

मी ग्रामपंचायतीत लिपिक आहे. गाव कर्जत तालुक्यातलं, माथेरानच्या डोंगराच्या अगदी पायथ्याला. शेतांच्या वरच्या अंगाने विजेचे मोठे मनोरे जातात, पण गावातली वीज उन्हाळ्यात दिवसातून किती वेळा जाईल याचा नेम नव्हता. वीज गेली की विहिरीवरची मोटार बंद पडायची, टाकी रिकामी राहायची आणि बायका हंडे घेऊन विहिरीची वाट धरायच्या.

पर्यावरणाचा विचार करून प्रत्येक पंचायतीने आपला ऊर्जा आराखडा करावा, असं पत्र वरून आलं तेव्हा सरपंचांनी पहिला विषय सौरपंपाचाच घेतला. कागद करायचं काम माझ्याकडे आलं. मे महिन्यात सकाळी अकराला मी विहिरीवर जाऊन उभा राहिलो. पायाखालची माती भाजत होती. ‘पॅनेलची जागा : विहिरीशेजारी’ असं लिहून मी मोकळा झालो.

दिवाळीनंतर मंजुरी आली. पाणी समितीच्या बैठकीत मी ती वाचून दाखवत होतो, तेवढ्यात ताई बोलल्या. ताई बौद्धवाडीतल्या. शाळेत पोरांची खिचडी शिजवतात, आणि समितीवर त्या तेव्हा नव्यानेच आल्या होत्या.

“भाऊ, तितं तीनला ऊन जातंय,” त्या म्हणाल्या. “थंडीत तर त्याच्याबी आदी. नाय भरायची टाकी.”

मला रागच आला. मंजूर झालेल्या कागदावर आता कोण बोट ठेवतंय, असं वाटलं. तुम्हाला कसं माहीत, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं. विहिरीला लागून त्यांचं वालाचं शेत आहे. शेंगा वाळत घातल्या की दुपारनंतर त्या गोळा करून घराकडे न्याव्या लागतात, कारण डोंगराची एक सोंड तिथवर पुढे आली आहे आणि सूर्य तिच्या मागे जातो, असं त्यांनी सांगितलं. सरपंच म्हणाले, खात्री करून सांगा. ताईंनी संक्रांतीपर्यंतची मुदत मागून घेतली.

पुढचा दीड महिना त्या काय करत होत्या ते मी रोज पाहत होतो. शाळेचं स्वयंपाकघर आवरलं की त्या विहिरीवर जायच्या. सावली जिथे आली असेल तिथे चुन्याने रंगवलेला दगड ठेवायच्या आणि मोबाइलमध्ये बघून वेळ वहीत लिहायच्या. एक खेप विहिरीवर, दुसरी वाडीतल्या समाजमंदिराच्या स्लॅबवर. विहिरीपासून ते तीनशे पावलांवर, उंचवट्यावर आहे. त्यांची सून कामाला गेली असेल त्या दिवशी नातीला कडेवर घेऊनच त्या स्लॅबचा जिना चढायच्या. रविवारीही खाडा नाही.

जानेवारीत सौरपंप बसवणाऱ्या एजन्सीचा इंजिनियर आला. त्याने वही चाळली आणि विहिरीवरचे दोन आंबे तोडले तर बराच फरक पडेल, असं सुचवलं.

“आणि डोंगराचं काय करायचं?” ताईंनी विचारलं. आवाज अजिबात चढला नव्हता. इंजिनियर हसला, पण त्याने वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतली. समाजमंदिराच्या स्लॅबवर पॅनेल बसवता येतील, केबल लांब आणि जाड लागेल एवढंच, असं त्याने शेवटी सांगितलं.

ग्रामसभेत मात्र विषय वेगळ्याच वाटेने गेला. गावचे जुने पोलीसपाटील उठले आणि म्हणाले की बाई सौरपंप आपल्या वाडीत ओढायला बघतेय. काही जणांनी माना डोलावल्या. मी ताईंकडे पाहिलं. मला वाटलं आता त्या भांडतील, आणि भांडल्या असत्या तरी त्यांचं चुकलं नसतं. त्यांनी एवढंच सांगितलं की उद्या तीनला विहिरीवर या, तिथून माझ्या वाडीत या, मग ठरवा.

दुसऱ्या दिवशी आम्ही सहा-सात जण गेलो. तीनला विहिरीवर सावली होती, माझ्या ‘विहिरीशेजारी’च्या जागेवर तर पूर्ण. तिथून आम्ही वाडीत गेलो. पाटील त्या समाजमंदिराचा जिना जन्मात पहिल्यांदाच चढत असावेत. ते कठड्यावर बसले, ताईंच्या सुनेने आणून दिलेलं पाणी प्यायले आणि साडेचारपर्यंत तिथेच बसून राहिले. टोपी काढून मांडीवर ठेवली होती, कपाळावर घाम आला होता.

“हितं ऊन हाय,” ते म्हणाले. पुढच्या ग्रामसभेत हात वर करणारे पहिले तेच होते.

आराखड्यातली माझी ओळ मी खोडली. खाली मान घालून नवी ओळ लिहीत होतो, तर शेजारी उभ्या असलेल्या ताई हळूच म्हणाल्या, “तू खोटं नव्हतं रं लिवलं. तू उन्हाळ्यात बघितलंस.” एवढ्या वर्षांत माझी चूक कोणी इतक्या मायेने दाखवली नव्हती.

त्यांनी आराखड्यात आणखी एक गोष्ट घालायला लावली : विजेची जुनी मोटार काढायची नाही. एजन्सी ती काढायला निघाली होती. आषाढ-श्रावणात आमच्याकडे आठ-आठ दिवस डोंगर दिसत नाही, तेव्हा सौरपंप नुसता घरघरतो आणि जुनी मोटारच कामाला येते. बाकी वर्षभर टाकी ऊन उतरायच्या आत भरते. पॅनेल पुसायला आता गावातल्या आणि वाडीतल्या बायका पाळीपाळीने येतात. कोणाची पाळी चुकली तर ताई बोलत नाहीत, फडकं घेऊन स्वतः चढतात. मग पुढच्या वेळी ती चुकत नाही.

गेल्या पावसाळ्याआधी खालापूरकडच्या एका पंचायतीची माणसं पाहायला आली. मी माहिती सांगायला लागलो, मग थांबून त्यांना ताईंकडे पाठवलं. त्या माणसांनी ताईंना आपल्या गावी चला म्हणून आग्रह केला, तेव्हा मीच मोटरसायकलवरून ताईंना घेऊन गेलो. तिथल्या लोकांनी तीन जागा दाखवल्या आणि यातली कोणती चांगली ते सांगा म्हणाले. ताईंनी तिन्ही जागा फिरून पाहिल्या.

“एका दिसात मी कसं सांगू?” त्या म्हणाल्या. “तुमच्यातलं रोज हितं येनारं कोन हाय, त्याला इचारा.”

मग कोणीतरी माळावर शेळ्या चारणाऱ्या एका म्हातारीला हाक मारली. ताई तिच्यासोबत बांधावर बसल्या, आणि आम्ही बाकीचे त्या दोघींचं बोलणं संपेपर्यंत उभे राहिलो.