वहीतले प्रश्न

हे लिहायचे मी अनेक वर्षे टाळले. निवृत्त अधिकाऱ्याने सांगायच्या गोष्टींत हिचा नंबर नेहमी मागे सरकवत गेलो. आता पत्नी नाही. मुले तमिळ आणि इंग्रजीत वाढली, दूर गेली. चेन्नईजवळच्या तांबरमच्या या घरात मराठी वाचणारे कोणी उरलेले नाही, म्हणून परक्या वाचकांना सांगतो आहे. बाकीचे गुन्हे आठवायला मला जुनी टिपणे काढावी लागतात. या एकासाठी लागत नाहीत.

दोन हजारनंतरची पहिली काही वर्षे. चेन्नईत गल्लोगल्ली ब्राउझिंग सेंटरे, म्हणजे सायबर कॅफे, निघाली होती. मी इन्स्पेक्टर होतो आणि संगणकाचे गुन्हे पाहणाऱ्या नव्या शाखेत माझी बदली झाली होती. आमचे घराणे तंजावरच्या मराठ्यांचे. शाखेत मराठी अधिकारी आहे, हे कुठून तरी कळल्यावर एक बाई आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आवडी या उपनगरातून आली. नवरा तिथल्या कारखान्यात, महाराष्ट्रातून बदलून आलेला.

“साहेब, मला तमिळ धड येत नाही. तुम्ही आपले, म्हणून आले,” ती म्हणाली.

मुलीने चॅटचे छापील कागद आणले होते. स्वतःला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी म्हणवणारा कोणी तिच्याशी आणि तिच्या मैत्रिणीशी रोज बोलत होता. आमची पद्धत अशी की पेन्सिल घेऊन बसायचे, अश्लील शब्दाखाली रेघ मारायची आणि रेघा पाहून कलम ठरवायचे. मी सगळे कागद वाचले. पेन्सिल एकदाही टेकली नाही.

“यात आहे काय? अभ्यासाची चौकशी करतोय.”

मुलीने दप्तरातून वही काढली. “सर, दोघींना त्याने एकाच क्रमाने विचारलंय. मी लिहून ठेवलंय. आधी घरी कोण कोण असतं. मग आई केव्हा बाहेर जाते. मग म्हणतो, तू इतरांपेक्षा समजूतदार आहेस. मग, हे आपल्यातच ठेव. मैत्रीण माझ्यापेक्षा दोन प्रश्न पुढे आहे. आता तो तिला भेटायला बोलावणार.”

मी वही हातातही घेतली नाही. “तू उत्तरं दिलीसच कशाला?”

तिने वही मिटली. आई म्हणाली, “तिला बोलू नका साहेब. तिनं स्वतःहून सांगितलंय मला.”

आमच्याकडे गुन्हा नोंदवला नाही तरी तक्रारीची पावती देतात. मी तीही दिली नाही. मुलीला संगणकापासून लांब ठेवा, असे सांगून दोघींना वाटेला लावले. माझा हवालदार तमिळमध्ये म्हणाला, “सर, यांना पोलीस नको, ट्यूशनचा मास्तर हवा.” मी हसलो. मुलगी दारापर्यंत पोचली होती. तिने वळून पाहिले. आईला तमिळ येत नव्हते, पण मुलीला येत होते.

चार महिन्यांनी आवडीजवळच्या अंबत्तूरमधल्या एका सेंटरमालकाचा फोन आला. एक माणूस रोज शेवटच्या केबिनमध्ये बसतो, रजिस्टरमध्ये दर वेळी वेगळे नाव लिहितो, अक्षर मात्र एकच. साध्या कपड्यांतले दोन शिपाई तिथे बसवले आणि तिसऱ्या दिवशी त्याला ताब्यात घेतले. चाळिशी ओलांडलेला, एका लहान कारखान्यात स्टोअरकीपर. केबिनमधल्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर बऱ्याच मुलींशी झालेली संभाषणे निघाली. त्यांत ती मैत्रीण होती. ती त्याला भेटून आली होती. पुढचे मी लिहिणार नाही.

चौकशीत तो शांत होता, पाय हलवत बसला होता. “भेटलो वगैरे काही नाही. आणि या कागदांत एक तरी वाईट शब्द दाखवा, सर. अभ्यासाची चौकशी करणं गुन्हा आहे का?”

चार महिन्यांपूर्वीचे माझेच म्हणणे तो मला ऐकवत होता.

एवढ्या लहान मुलीला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून मी आवडीला त्यांच्या क्वार्टरवर गेलो. वाटेत माफीची वाक्ये जुळवली होती. मुलीने वही आणून माझ्यासमोर ठेवली.

“मैत्रीण शाळेत येत नाही आता,” ती म्हणाली. “तुम्ही तेव्हा वही बघितली असती तर...”

“असू दे गं,” आई म्हणाली.

मी पंचनाम्याचे कागद काढले. वही जप्त केली, जबाब लिहिला, वाचून दाखवला. आईने विचारले, “सही कुठं करायची?” मी म्हणालो, “जबाबावर सही लागत नाही.” आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी पाच मुलींच्या संभाषणांचे कागद त्या माणसासमोर शेजारी शेजारी मांडले आणि वही उघडली. मी एकेक प्रश्न वाचत गेलो आणि प्रत्येक कागदावर त्या प्रश्नाखाली बोट ठेवत गेलो. “आई केव्हा बाहेर जाते, हे कुठल्या विषयात येतं रे? गणितात?” त्याचा पाय थांबला. संध्याकाळी त्याने भेटीची जागा दाखवली आणि तिथल्या वॉचमनने त्याला ओळखले. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, वॉचमनच्या साक्षीला असते. शिक्षा झाली.

दोन-तीन वर्षांनी एका सॉफ्टवेअर कंपनीतले तरुण माझ्याकडे आले. चॅटमध्ये मुलांना असलेला धोका ओळखणारा प्रोग्राम ते लिहीत होते. त्यासाठी त्यांनी घाणेरड्या शब्दांची लांबलचक यादी केली होती. त्यांच्यातला पुण्याचा इंजिनिअर म्हणाला, “सर, अजून शब्द सुचवा ना. पोलिसांकडे चांगला साठा असेल.”

“शब्द सोड,” मी म्हणालो. “तुझा प्रोग्राम आपसात शिव्या देणारी शाळेतली पोरं पकडेल. हा माणूस गोड बोलतो. तो काय विचारतो, कशानंतर विचारतो, ते बघ.”

मी क्रम सांगितला. त्यांनी तसा प्रोग्राम केला आणि तो चालला. त्यामुळे काही मुले वेळेत वाचली, हे मी स्वतः पाहिले आहे. पुण्याच्या इंजिनिअरने विचारले होते, “सर, तुम्हाला हे कसं सुचलं?”

“सर्व्हिस,” मी म्हणालो.

त्या एका शब्दावर मला प्रशंसापत्र मिळाले, व्याख्यानांची आमंत्रणे आली, निरोप समारंभात भाषणे झाली. आज नोंद दुरुस्त करतो. तो क्रम माझ्या नोकरीने शोधलेला नव्हता. तो तेरा वर्षांच्या एका मुलीने शोधला होता आणि वेळेत माझ्या टेबलावर आणून ठेवला होता. मी शब्द शोधत होतो. या गुन्ह्याने मला एवढेच शिकवले: मूल तक्रार घेऊन आले तर त्याला पहिला प्रश्न ‘तू का केलेस’ हा विचारायचा नाही. विचारला की ते परत येत नाही.

ते कुटुंब बदली होऊन महाराष्ट्रात परतले होते. निवृत्तीनंतर खटपट करून मी त्यांचा फोन नंबर मिळवला. काय बोलायचे ते कागदावर लिहून समोर ठेवले आणि फोन लावला. आईने उचलला. मी कोण ते सांगितले.

“केस परत उघडली का साहेब?”

“नाही, नाही. तसं काही नाही. मुलगी कशी आहे?”

“बरी आहे. नोकरी करते. आत्ता घरी नाही.” मग तिने विचारले, “काही निरोप आहे का तिला?”

कागद समोरच होता.

“नाही,” मी म्हणालो. “सहज केला होता.”