कॅमेऱ्याला दिसलेला मागचा ॲक्सल

माझे वडील बारामतीत, इंदापूर रस्त्यावरच्या एका गॅरेजात ट्रकची चाकं सरळ करायचे. निरवांगीला आजोबांची मेंढरं होती. ती सोडून ते तरुणपणीच बारामतीला आले आणि पुढचं आयुष्य गाड्यांखाली काढलं. सगळे त्यांना तात्या म्हणत, म्हणून घरीही आम्ही तात्याच म्हणायचो. दोरा, टेप आणि खडू ही त्यांची अवजारं. पुढच्या दोन टायरवर खडूनं खुणा करायच्या, त्यांच्यातलं अंतर मोजायचं, मग गाडी अर्धा फेरा ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूनं मोजायच्या. फरक नको तेवढा आला की चाकं तिरकी. टेपचं दुसरं टोक ते कुणाच्या हातात देत नसत. त्यासाठी एक खिळा वाकवून ठेवला होता.

मी पुण्यात इन्स्ट्रुमेंटेशन शिकले आणि नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा एका लहानशा कंपनीत लागले. ट्रकची चाकं कॅमेऱ्यानं बघायची आणि ती किती तिरकी आहेत ते कॉम्प्युटरनं सांगायचं, असं यंत्र कंपनी बनवत होती. प्रत्येक चाकावर काळ्या ठिपक्यांचा पांढरा बोर्ड अडकवायचा, गाडी थोडी पुढेमागे करायची. ठिपके कसे सरकले यावरून कॉम्प्युटर हिशेब करायचा. यंत्र खऱ्या गॅरेजात चालवून बघायची वेळ आली, तेव्हा साहेबांनी विचारलं, कुणाच्या ओळखीचं गॅरेज आहे का? मी हात वर केला. त्याआधी थोडा विचार करायला हवा होता.

तात्यांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते.

"म्हंजी माझं काम तुझा कॅमेरा करनार?"

"नाही तात्या. मदत करणार."

"मी मदत मागितलीया का?"

एवढं बोलून त्यांनी भाकरी मागितली.

गॅरेजच्या मालकांनी परवानगी दिली. तिथे बाईमाणसाची काही सोय नव्हती, म्हणून त्यांनी ऑफिसातली गादीची खुर्ची बाहेर काढून दिली. ती सोय.

पहिल्या आठवड्यात यंत्रानं एकही गाडी मोजली नाही. ऊस गाळपाचा हंगाम होता. कारखान्याच्या धुराड्यातून वाऱ्याबरोबर काजळीचे कण यायचे आणि पांढऱ्या बोर्डांवर बसायचे. कॉम्प्युटरला काजळी आणि ठिपका यांतला फरक कळत नव्हता. ठिपके जास्त झाल्याचं सांगून तो थांबायचा. मी बोर्ड पुसायचे, तोवर दुसऱ्यावर काजळी बसलेली असायची. तात्यांनी एकदा खांद्यावरच्या टॉवेलनं एक बोर्ड पुसून दिला. त्या टॉवेलाला ग्रीस होतं. दुपारी तेवढाच एक बोर्ड कॉम्प्युटरला दिसेना.

दुसऱ्या सोमवारी मी गेले तर शेडबाहेरच्या मोकळ्या जागेवर ताडपत्री ताणलेली, दोन्ही बाजूंना पडदे सोडलेले. कुणी केलं म्हणून विचारलं, तर तात्या गाडीखालूनच म्हणाले, "ऊन लागत हुतं." ते स्वतः शेडमध्ये काम करत होते. तिथे ऊन येत नव्हतं.

त्या दिवसापासून यंत्र चालू लागलं. आणि त्याच आठवड्यात बावड्याचा एक ट्रकवाला चिडून आला. महिन्यापूर्वी तात्यांनी त्याच्या गाडीची पुढची चाकं सरळ करून दिली होती, तरी नवा टायर एका बाजूनं खाल्ला गेला होता आणि गाडी डावीकडे ओढत होती.

"तात्या, ह्ये बगा. पुन्हा झालं की."

तात्यांनी टायरवरून तळहात फिरवला. ट्रकवाल्याची नजर ताडपत्रीकडे गेली. "त्या कॅमेऱ्यालाच दावू की मग."

गॅरेजातले सगळे हातातलं काम ठेवून गोळा झाले. मालकही आले. मी बोर्ड अडकवत होते. यंत्र बिघडावं, असं मला त्या नोकरीत पहिल्यांदाच वाटलं. पण ते उत्तम चाललं.

पडद्यावर आकडे आले. पुढची चाकं इतकी बरोबर होती की आमच्या कंपनीत नमुन्यासाठी ठेवलेली गाडीही तेवढी बरोबर नव्हती. मागचा ॲक्सल मात्र तिरका होता, गाडी ओढत होती ती त्यामुळे.

"पुढची बरोबर आहेत, तात्या. मागचं तिरकं आहे," मी म्हणाले.

"पुढची बरोबर हायेत ते मला ठाव हाय. मागचं कशाला बगितलंस?"

"कॅमेरा सगळीच चाकं बघतो."

"त्याला कुनी सांगितलं हुतं?"

कुणी हसलं नाही. मालक म्हणाले, "तात्या, एकदा मोजून तर बगा."

तात्यांनी टेप काढला. उजव्या बाजूला पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत मोजलं, मग डाव्या बाजूला. पुन्हा उजवीकडे गेले. तिसऱ्यांदा त्यांनी खिळा काढून खिशात टाकला आणि टेपचं टोक माझ्यापुढे केलं. "धर. हालवू नगं."

मी उकिडवी बसून ते टोक चाकाच्या मधोमध दाबून धरलं. लहानपणी मी कितीदा तरी मागितलं होतं.

एक बाजू बोटभर कमी भरली. तात्या गाडीखाली गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. मागून जॅक लावून स्प्रिंगचे पाटे सोडवले, तेव्हा कळलं की पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्टच तुटला होता आणि ॲक्सल त्या बाजूनं सरकला होता. तुटक्या बोल्टचे दोन तुकडे तात्यांनी तळहातावर घेऊन ट्रकवाल्याला दाखवले. तुटलेल्या जागी गंज चढला होता.

"ह्यो आत्ताचा न्हाय. म्हैन्याखाली आलास तवाच तुटल्याला हुता. मी बगितलं न्हाय."

"मीच म्हनलो हुतो न्हवं, पुढचंच बगा म्हनून."

"तू म्हनशील. बगायचं काम माझं हुतं."

ट्रकवाला खाली बघत राहिला. मालक ऑफिसात निघून गेले. मीही कॉम्प्युटरचं उगीच काहीतरी करू लागले. संध्याकाळी नवा बोल्ट बसला आणि गाडी सरळ चालत गेली.

रात्री आईनं विचारलं, "काय म्हनला कॅमेरा?"

"पुढची बरोबर हायेत म्हनला," तात्या म्हणाले आणि भाजी चांगली झाल्याचं सांगितलं.

मालकांनी यंत्र घेतलं नाही. तात्यांना एका गाडीला जेवढा वेळ लागायचा, तेवढा आम्हाला बोर्ड बसवायलाच लागायचा, आणि काजळीवर आमच्याकडे ताडपत्रीखेरीज उपाय नव्हता. हे मालकांनी न दुखवता सांगितलं, पण सांगितलं. पुढच्या वर्षी कंपनीनंही ट्रकचा नाद सोडला आणि तेच कॅमेरे औषधाच्या बाटल्यांची झाकणं तपासायला लावले. तात्या मात्र तेव्हापासून येईल त्या गाडीची आधी मागची चाकं मोजायचे. गिऱ्हाईक घाईत असलं तरी मोजायचे.

झाकणांच्या कामाबद्दल मी त्यांना घरी आले तेव्हा सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"झाकन तिरकं बसलं तर काय हुतंय?"

"औषध खराब होतं, तात्या. माणसं आजारी पडतात."



"मग नुस्तं झाकन नगं, बाटली खालूनबी बगत जा," ते म्हणाले.