मीटरवर मोजलेला गांजा

ती घटना आठवली की आजही मी आधी खो-खो हसतो आणि मग हसू आवरतो. पोलिसातल्या नोकरीत मी तोळ्यातला गांजा पकडला, पोत्यातला पकडला. एकदा तर म्हशीच्या पोटाखाली बांधलेला पकडला, म्हैस साक्षीला आहे. पण गांजा मीटरवर मोजायची वेळ एकदाच आली.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं. पलूसच्या माझ्या खबऱ्याचा फोन आला. "सायब, माधवनगरात एक म्हातारा चक्क गांज्याचं कापड विणतोय. लय माल हाय."

पंच घेतले, छापा घातला. शेडमध्ये एक माग, सत्तरी ओलांडलेले एक मुसलमान विणकर आणि मातकट रंगाचं कापडाचं थान. कापड कशाचं विचारलं, तर म्हातारा सरळ म्हणाला, "भांगेच्या झाडाचं. हेम्प म्हणत्यात त्याला."

गांजा त्याच झाडाचा, म्हणजे कबुलीच की! म्हातारा आणि थान, दोन्ही ठाण्यात आणले. ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीत लिहिलं, 'गांजा, चाळीस मीटर', आणि मी खाली सही ठोकली.

प्रयोगशाळेत तपासणीला नमुना हवा होता. माझा हवालदार कुंडलच्या मैदानात कुस्त्या मारलेला गडी. "कात्री कशाला, सायब?" म्हणत त्यानं कापडाला हिसका दिला. कापड जसंच्या तसं. दुसऱ्या हिसक्याला त्याच्या पट्ट्याचं बक्कल तुटून माझ्या चहाच्या कपात पडलं. मग दोन्ही टोकांना दोन-दोन शिपाई लावले. शिपाई घसरले, टेबलाचा पाय मोडला, पण धागा सुटला नाही. सगळं ठाणं आ वासून बघत राहिलं.

"आवं हवालदार," म्हातारा म्हणाला, "कातर देऊ का?"

मी चौकशीला बसलो. अमली पदार्थांच्या कायद्यात जामीन सहजी मिळत नाही. मी अटक दाखवली की अहवाल येईपर्यंत हा माणूस आत, आणि त्या वयात आत गेलेल्यांचं काय होतं ते मी पाहिलेलं.

"चाचा, गांजा कुठून आणला?"

"सूत आणलं, उत्तराखंडातनं, परवान्याच्या शेतातलं. कागद पेटीत हायत. पर सायब, तुमच्या कायद्यात गांजा म्हंजे काय?"

"मला कायदा शिकवता व्हय?"

"न्हाई वो. तुमच्याच कपाटात पुस्तक हाय. उघडा की."

धूळ झटकून उघडलं. गांजा म्हणजे त्या झाडाचा फुलं किंवा फळं धरलेला शेंडा. धागा निघतो खोडापासून. मी भिंग घेऊन चाळीस मीटरभर फूल शोधलं, एकही सापडलं नाही! कागद पडताळले, तेही खरे निघाले. थान परत केलं.

ते खांद्यावर टाकून चाचा दारात थांबले. "सायब, उद्या तुमच्या जागी दुसरा यील. त्याला पुस्तक उघडायचा कटाळा आला तर?"

मी पुस्तक ठाणे अंमलदाराच्या हातात दिलं.

हेम्पला नियम असावेत की सरळ बंदी, हा वाद आज रंगतो. हेम्पच्या आडून गांजा विकणारे निघतीलच. मी माणसं ओळखतो. म्हणूनच नियम असे लिहावेत की नव्या शिपायालाही फूल आणि धागा वेगळे कळावेत. चाचा त्या दिवशी घरी गेले ते कायद्यामुळे कमी, आणि मला पुस्तक उघडायला सवड होती म्हणून जास्त. बाकी गोष्टीत मी तिखटमीठ लावलं असेल, पण हे सवडीचं जसं घडलं तसंच लिहिलं आहे.