पाळी पुढे ढकलायची गोळी

पुलगावात मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिलं की किस्से शोधावे लागत नाहीत. गिऱ्हाईक इतकं हळू बोलतं की मागचे चौघेही कान देतात. मी तिथे कामाला आहे. घरी गेले की दिवसभराचं लिहून ठेवते.

*

आमचे मालक सुरेशभाऊ कायद्याला फार मानतात. पलीकडच्या दुकानावर धाड पडली, तशी त्यांनी पाटी लावली: 'डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हार्मोनच्या गोळ्या मिळणार नाहीत.' पाटीखालीच उभं राहून एकीने गोळ्या मागितल्या. मी चिठ्ठी मागितली.

"द्या ना ताई, ओळखीची आहे," भाऊ म्हणाले.

पुलगावात अनोळखी माणूस फक्त रेल्वेतून उतरतो.

*

एक नवी सून गर्भनिरोधक गोळ्या घ्यायला आली. चिठ्ठी होती. भाऊंनी ती उलटसुलट पाहिली.

"नवऱ्याले पाठव."

"काऊन? गोळी त्याले खायची आहे का?"

भाऊंनी निमूट पाकीट दिलं. नवऱ्याच्या परवानगीचं कलम मला अजून सापडलेलं नाही.

*

दुसरी म्हणाली, गोळी सुरू केल्यापासून डोकं ठणकते. भाऊंनी सोबत डोकेदुखीची गोळी दिली. उपचार पूर्ण!

*

खरा सीझन महालक्ष्म्यांच्या आधी. नैवेद्याच्या दिवशी पाळी येऊ नये म्हणून ती पुढे ढकलायची गोळी लागते. एक सासूबाई सगळ्या सुनांसाठी एकदमच घेऊन गेल्या.

"कोणाला बीपी, पायाला सूज?" मी विचारलं.

"ते महालक्ष्म्या उठल्यावर पाहू."

*

यंदा भाऊंच्या बायकोने, शोभावहिनींनीही ती घेतली. दुकान घरचंच. सणातच त्यांची डावी पोटरी टरारून सुजली, पाय टेकवेना. भाऊंनी आणि मी त्यांना वर्ध्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली.

"रक्ताची गुठळी आहे. फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतेल. हार्मोनची काही गोळी घेतली होती?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. "नाई मॅडम. काहीच नाई."

"नीट आठवा. पुढचं औषध त्यावर ठरेल."

"आमच्या दुकानात चिठ्ठीशिवाय देतच नाई."

शोभावहिनी पलंगाची दांडी धरून उठून बसल्या.

"मॅडम, यायले लायसन वाचवू द्या, तुमी मले वाचवा. लिहा, गोळीचं नाव मी सांगते."