डॅम्प कोट्समधला आमचा संकर्षण

आमच्या सरस्वतीपुरमच्या गल्लीत संकर्षणाइतका अळणी माणूस दुसरा नाही. विमा कंपनीत नोकरी. सकाळी स्कूटर पुसून नेणार, संध्याकाळी तिथेच आणून लावणार. हसला की नाही हे ओळखायला मला चष्मा लागतो. हा इंग्लंडात रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा असं मी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा गल्लीतल्या बायका मलाच हसल्या. पण मी त्याच्या समोरच्या घरात राहते, आणि माझ्यापुढे कुणाची गोष्ट फार दिवस पोटात राहत नाही.

तो लीड्सला शिकत होता तेव्हाची ही हकीकत. अ‍ॅडम नावाचा गाणारा, दोघं गिटारवाले, आणि लहानपणी इथे मृदंगम शिकलेला आमचा हा. बँडचं नाव डॅम्प कोट्स, म्हणजे दमट कोट. वाळत का घातले नाहीत रे, असं मी विचारलं, तर म्हणाला, "तिकडे वाळत नाहीत, विद्याक्का." त्यांची एक रेकॉर्ड निघाली, पबांमधून गर्दी व्हायला लागली, उन्हाळ्यातल्या एका मोठ्या महोत्सवाचं बोलावणंही आलं. आणि इकडे त्याचे वडील, रघूत्तमराव, गेले.

हा एकुलता एक. आला, दिवस केले, परत गेला, आणि वर्षश्राद्ध होईपर्यंत मी ड्रमच्या काठ्यांना हात लावणार नाही असं सांगून मोकळा झाला. वडिलांचं वर्ष असलं की सण नाही, गाणंबजावणं नाही, हे आपल्यात कुणाला सांगावं लागत नाही. त्या पोरांना काय कळणार? त्यांना वाटलं, याला आपला कंटाळा आलाय, भिडेपोटी बोलत नाही. दुसरा ड्रमर आणला, त्याचं जमेना, मग आपसात भांडले. याचं वर्ष संपेपर्यंत बँडच संपला. त्या बिचाऱ्या बँडचं वर्षश्राद्धही कुणी घातलं नाही, असं मी चिडवायची. हा नुसता 'हं' म्हणायचा.

मागच्या महिन्यात अ‍ॅडमचा फोन आला. जुनी रेकॉर्ड पुन्हा निघतेय, एक गाणं मात्र ड्रमविना तसंच पडून आहे. तू वाजव, नाहीतर मशीन लावतो. 'मशीन लाव' म्हणून याने फोन ठेवला. त्याची बायको पावनी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. लग्न झाल्यापासून मी याचा हा एकच चेहरा बघतेय, म्हणाली, वाजवताना तरी दुसरा दिसेल. एकदा बघायचाय मला.

मग मी द्वादशीच्या पारण्याला त्यांच्याकडे जाऊन बसले आणि त्याच्या आईपुढे, कृष्णवेणीबाईंपुढे, मुद्दामच विषय काढला. बाई कडक सोवळ्याच्या. त्या अडवतील, भांडण होईल, आणि भांडणात तरी हा चार वाक्यं बोलेल, असा माझा बेत. बाईंनी सार वाढता वाढता विचारलं, "मग सोडलंस कशाला ते?"

"आप्पांचं वर्ष होतं ना."

"मला विचारायचंस की रे. मी वाजव म्हणाले असते. आप्पांना आवडायचं तुझं ते ढमढम."

मी पानावरून मान वर केली. आता हा रडणार, निदान ताट तरी सरकवणार. तो म्हणाला, "बरं. सार अजून थोडं वाढ."

पण रविवारी निघाला. आई म्हणते तर जाऊन येतो, एवढंच. जयलक्ष्मीपुरमला पुनीत नावाच्या मुलाचा स्टुडिओ आहे, तिथे. पावनी त्याच्या स्कूटरवर, मी रिक्षाने मागोमाग. मला कोण थांबवणार? हेडफोन लावून त्याने वाजवायला घेतलं. हात असे काही चालले की पुनीत खुर्चीवरून उठून उभा राहिला. पावनी हातांकडे बघतच नव्हती. ती चेहऱ्याकडे बघत होती, आणि चेहरा विमा कंपनीतच होता.

पुनीतने कन्नडात विचारलं, पाठवू का सर? हा म्हणाला, पाठव. थोड्या वेळाने अ‍ॅडमचा आवाज फोनच्या स्पीकरवर आला. तू कधी गेलाच नव्हतास असं वाटलं म्हणत होता, आणि बोलता बोलता रडत होता. संकर्षणाने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि फोन खिशात ठेवला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, वाजवताना काय वाटलं रे? थट्टा नव्हती हो.

त्याने जरा विचार केला. "काही नाही, विद्याक्का. वाटेल असं वाटलं होतं."

स्कूटर उन्हात तापली होती. पावनीने ओढणी दुमडून सीटवर टाकली, त्याच्यामागे बसली, आणि दोघं भाजी घ्यायला गेले.