दुसरी बाटली

उमरेडला विणकरांच्या वस्तीत कुणाच्या पोराला हगवण लागली, की बोलावणं आधी देवकीकडे यायचं आणि मग डॉक्टरकडे. देवकी अंगणवाडीची बाई. निरोप आला की हातातलं काम टाकून उठायची, साखरेचा डबा काखेत मारायची आणि त्या घरात पाय ठेवताच सासवांवर तोंड सोडायची. "पाणी काहून बंद केलं वं? पोरगं वाळून राहिलं न तुम्ही पाह्यत बसल्या!" मग उकळून गार केलेल्या पाण्यात तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर साखर, आणि चमच्याचमच्यानं पाजत बसायची. मधूनच पोराच्या पोटाची कातडी दोन बोटांत उचलून सोडून द्यायची. वळी लगेच बसली तर भीती नाही. तशीच उभी राहिली तर अंगातलं पाणी सरलं. आणि पोराला हुशारी आली की मूगडाळ-तांदळाची पातळ खिमट. हगवणीच्या माणसाला उपाशी ठेवायचं नाही, हे तिचं ठरलेलं बोलणं. सासवा पाठीमागे बोटं मोडायच्या, पण पोरं जगायची.

हे वेड काही तिला सरकारनं लावलं नव्हतं. चौसष्ट साली तिची पहिली पोर दोन वर्षांची होऊन गेली, ती हगवणीनंच. घरातल्या मोठ्यांनी सांगितलं, पाणी दिलं की हगवण वाढते. अठरा वर्षांच्या देवकीनं ते ऐकलं. पोर दीड दिवस पाण्याच्या माठाकडे बघत होती आणि देवकी तिला पदराखाली घेऊन माठाकडे पाठ करून बसली होती. पुढे अंगणवाडीच्या शिबिरात मीठ-साखरेच्या पाण्याचं शिकवलं, तेव्हा बाकीच्या बाया हसतखेळत लिहून घेत होत्या. देवकी उठून बाहेर गेली आणि भिंतीला डोकं टेकून रडली. एवढंसं पाणी होतं तर!

शहाऐंशी साली तिच्या नवऱ्याचं, रुपरावचं दुखणं निघालं. रुपराव मागावरचा माणूस, बोलायला कमी. वर्षभर शौचातून रक्त जात होतं ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा मूळव्याध म्हणून पाला खाऊन झाला, लेप लावून झाला. अंगावरचं मांस गेलं, सदरा खुंटीवर लटकल्यासारखा दिसायला लागला. शेवटी त्याची बहीण प्रेमलता नागपूरला प्रताप नगरात राहायची, तिनं ओढून रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि देवकीला स्पष्ट सांगितलं, "मोठ्या आतड्यात गाठ असावी. लवकर सापडली तर कापून काढू. उशीर झाला, तर माझ्या हातात काही नाही." आत बघायची दिव्याची नळी तेव्हा नागपुरात नव्हती. मुंबईचे एक डॉक्टर महिन्यातून एका शनिवारी ती घेऊन यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. शनिवारी दुपारी तीनची वेळ मिळाली.

सिस्टरनं काचेच्या दोन बाटल्या हातात दिल्या. सलाईनच्या असतात तशा, पण आतलं औषध प्यायचं. "शुक्रवारी नुसतं पातळ द्या. शनिवारी पहाटे एक बाटली लिंबू पिळून, तासाभरानं दुसरी. वरून साधं पाणी. जुलाब होतील. नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ होईपर्यंत होऊ द्यायचं. खायला काही नाही." एका दमात एवढं बोलून बाई दुसऱ्या पेशंटकडे वळल्या. देवकी बाटल्या घेऊन उभीच. ज्या गोष्टीशी उभा जन्म भांडली, तीच आता स्वतःच्या हातानं नवऱ्याला पाजायची. आता बोला!

शनिवारी पहाटे प्रेमलताच्या घरी रुपरावनं पहिली बाटली घेतली. "गोड हाय वं, सरबतावानी," तो म्हणाला. अर्ध्या तासात पोटात ढवळायला लागलं. मग काय विचारता! मागच्या दारी संडास, तिथं तो जायचा, परत येऊन खाटेवर टेकायचा, की पुन्हा उठायचा. आठव्या खेपेनंतर त्याला भिंत धरून चालावं लागलं. पिंडऱ्यांत गोळे आले. देवकीनं मीठ-साखरेचं पाणी दिलं, ते त्यानं ओकून टाकलं. ओठ कोरडे, डोळे खोल. हा चेहरा देवकीनं पाहिलेला होता.

"वयनी, हे तं होणारच मनले ना ते," प्रेमलता म्हणाली.

"तुमी गप राहा ताई. मले नका शिकवू."

तरी शेजारच्या घरी फोन होता म्हणून ती धावत गेली. दवाखान्यातून कुणीतरी म्हणालं, साहेब आत आहेत, नंतर करा. पुन्हा लावला, तर लागेचना. परत आली तर रुपराव डोळे मिटून पडलेला. देवकीनं त्याचा सदरा वर केला, पोटाची कातडी दोन बोटांत उचलली आणि सोडली.

वळी उभीच राहिली.

अहो, राहणारच! वर्षभर आजारानं खाल्लेलं अंग ते, कातडीखाली काही उरलंच नव्हतं. निरोगी दिवशी उचलली असती तरी तशीच उभी राहिली असती. शिबिरात पोरांची कातडी दाखवली होती, झिजलेल्या माणसाची कुणी दाखवली नव्हती. पण त्या क्षणी देवकीला पंचावन्न वर्षांचा रुपराव दिसतच नव्हता. तिला माठ दिसत होता.

ती उठली. दुसरी बाटली फळीवर उंच ठेवून दिली आणि चूल पेटवली. मूगडाळ, तांदूळ, हळद, मीठ. चांगलं गरगट शिजवलं आणि वाटी घेऊन खाटेशी बसली.

"सिस्टरनं नाई मनलं होतं ना?" रुपराव पुटपुटला.

"सिस्टरले काय जाते मनाले? तोंड उघडा."

त्यानं उघडलं. बायकोनं सांगितलं आणि त्यानं नाही म्हटलं, असं पंचवीस वर्षांत झालं नव्हतं. दोन वाट्या पोटात गेल्या. जुलाब थांबले, तोंडावर थोडी तुकतुकी आली, तो उठून बसला. देवकीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. प्रेमलताला म्हणाली सुद्धा, "पाह्यलं? डॉक्टर शिकले असतील, पण माणूस मीच वाचवलं."

तीन वाजता नळी आत गेली आणि दहाव्या मिनिटाला मुंबईचे डॉक्टर हातमोजे ओढत बाहेर आले. "काय खायला घातलंत यांना? आत सगळा चिखल आहे. काहीसुद्धा दिसत नाही!"

"खिमट देली जी. लय जुलाब होऊन राहिले होते. मले वाटलं..."

"पुढच्या महिन्यात आणा." त्यांना गाडी गाठायची होती. देवकी त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेली. "आता पाजतो जी, दुसरी बाटली तशीच हाय, आताच पाजतो." मोटारीचं दार लागलं. परत द्यायला म्हणून आणलेली बाटली पिशवीतून काढून ती हातात धरून फाटकाशी उभी राहिली. त्या बाटलीचं आता कुणालाच काही करायचं नव्हतं.

पुढच्या महिन्यात ते डॉक्टर आलेच नाहीत. नळी बिघडून दुरुस्तीला परदेशी गेली होती. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. मुंबईला न्यावं म्हटलं तर रुपरावला एस.टी.चा नागपूरपर्यंतचा रस्ता सोसेना. तिसऱ्या महिन्यात वेळ मिळाली. या खेपेला देवकीनं दोन्ही बाटल्या पाजल्या. तो भिंत धरून जात-येत राहिला आणि ती आपले हात मांडीखाली दाबून बसून राहिली. स्वच्छ पाणी झालं. आणि त्या स्वच्छ आतड्यात डॉक्टरांना गाठ दिसली, रस्ता जवळजवळ बंद करून बसलेली. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी पोट उघडलं तर ती यकृतावर पोचलेली होती. तसंच शिवून टाकलं.

"तीन महिने आधी दिसली असती तर, जी?" देवकीनं विचारलं.

डॉक्टर वाईट माणूस नव्हता. त्यानं खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "काढता आली असती कदाचित," तो म्हणाला. रुपराव पलीकडे खाटेवर डोळे मिटून पडला होता.

उमरेडला आणल्यावर माणसं भेटायला यायची आणि जन्मभर मुका राहिलेला रुपराव बोलायला लागला. जो येईल त्याला तेच. "त्या बाटलीनं तं मले मारलंच होतं गा. हिनं खिमट देली मनून उठून बसलो. नाहीतं प्रताप नगरातच खेळ आटपला असता." शेजारचे धोंडबा मिस्त्री मान डोलवायचे. बाया देवकीकडे कौतुकानं बघायच्या. देवकी चहाचा कप ठेवून आत निघून जायची आणि चुलीपुढे तोंड दाबून बसायची. मरणाची लाज वाटायची तिला.

एकदा दुपारी वस्तीतल्या कांताबाईची सून कडेवरचं लेकरू घेऊन आली. कालपासून हगवण, पाणी ठरत नव्हतं. रुपरावनं पडल्यापडल्या तिलाही तीच कथा सांगितली. पोरीनं लगेच लेकरू देवकीच्या मांडीवर दिलं. देवकीनं कातडी उचलून सोडली, वळी झटकन बसली. पाणी पाजून, समजावून तिला घरी लावलं आणि दार लोटून ती खाटेशी आली.

"बस करा आता," ती म्हणाली. "माह्या खिमटीनं तीन महिने गेले. माह्या हातानं झालं हे. डॉक्टर मनाला मले."

"मी बी आयकत होतो," रुपराव म्हणाला. "जागाच होतो मी."

देवकी खाटेचा दांडा धरून खाली बसली. "मंग काहून सांगता गावभर?"



"लोकायले खरं मालूम झालं," तो म्हणाला, "तं तुह्या हातून लेकराले पाणी कोन पाजू दील वं?"