मागच्या अध्यक्षांचा हापसा

सभा ठरलेल्या वेळेला सुरू होते, यावर मनापासून विश्वास असलेला महाराष्ट्रातला शेवटचा माणूस आमच्या शहाद्यात राहतो आणि दुर्दैवाने तो माझा थोरला साडू आहे. दुर्दैव माझं नव्हे, त्यांचं. असला विश्वास घेऊन माणसाने लष्करात जावं, फार तर साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात जावं. तिथे त्यांची सगळी नोकरी झालीही. कामगार गेटातून आत कधी आला आणि बाहेर कधी पडला एवढंच पाहण्यात त्यांचे केस पिकले. निवृत्तीनंतर कळसाडीची शेती मुलाकडे सोपवून ते शहाद्याला राहायला आले आणि हा विश्वास त्यांनी थेट आमच्या सेवा क्लबात आणला. त्यांना क्लबात मीच नेलं. निवृत्त माणूस आहे, चार लोकांत बसेल, बरं वाटेल, एवढाच माझा हेतू.

आमचा क्लब दर गुरुवारी संध्याकाळी एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर भरतो. डॉक्टर, बिल्डर, जिनिंगवाले, सराफ आणि तोंडी लावायला माझ्यासारखे एकदोन प्राध्यापक असे आम्ही सदस्य आहोत. समाजाची सेवा करावी, पण ती जेवणाआधी उरकावी आणि तिच्यापायी पनीरची भाजी गार होऊ नये, या तत्त्वावर आमच्यात कधी मतभेद झालेले नाहीत. अशा या मंडळात सभेची शिस्त सांभाळणारा एक पदाधिकारी असतो, त्याला सार्जंट म्हणतात. हे पद कुणालाच नको असतं, कारण त्याला स्टेजवर खुर्ची नसते. साडूंनी ते मागून घेतलं आणि त्या गुरुवारपासून आमचं सुख संपलं.

हॉटेलचे वेटर टेबलांवर चादरी घालायच्या आधी ते हॉलमध्ये हजर असायचे. पांढरा शर्ट, खिशावर क्लबचा बिल्ला, खांद्यावरून आडवा पट्टा. अध्यक्षांसमोर ठेवायची पितळी घंटा ते रुमालाने पुसायचे, एकदा हलक्या हाताने वाजवून कानाशी धरायचे आणि मग दारात जाऊन उभे राहायचे. उशिरा येणाऱ्याकडे ते नुसतं पाहायचे. त्या नजरेखाली कारखान्यातले दांडगे दांडगे कामगार मान खाली घालून गेलेले, तिथे आमच्या सराफाची काय कथा. एरवी घरात, बाजारात, शेतात अहिराणी बोलणारा हा माणूस सभेत मात्र 'सन्माननीय सदस्यांनी आसनस्थ व्हावे' असं काहीतरी बोलायचा, की आमच्यातल्या निम्म्यांना आपण न्यायालयात आलोय असं वाटायचं. हे वेड क्लबापुरतंही नव्हतं. कळसाडीला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. मुहूर्ताची वेळ झाली तरी वऱ्हाड मारुतीपाशीच डीजेपुढे नाचत होतं. साडू गेले, नवरदेवाला घोड्यावरून उतरवलं, हाताला धरून मांडवात आणून उभा केला आणि मुहूर्त साधला. अक्षता टाकायला आम्ही घरचे आणि आचारी एवढेच. वऱ्हाड पोचलं तेव्हा नवरा-नवरी जेवायला बसली होती. व्याह्यांनी पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं, पण साडूंच्या मते त्या लग्नात काही उणं राहिलं असेल तर ते पाहुण्यांच्या शिस्तीत.

आता आमच्या सेवेबद्दल थोडं सांगायला हवं. क्लबाचं वर्ष जुलैत उगवतं आणि जूनमध्ये मावळतं. दर जुलैत नवा अध्यक्ष गळ्यात पट्टा घालतो आणि समाजसेवा नावाची गोष्ट आपल्यापासूनच सुरू झाली अशा समजुतीने कामाला लागतो. त्याला स्वतःचा प्रकल्प हवा असतो, स्वतःच्या नावाची संगमरवरी पाटी हवी असते आणि कापायला फीत हवी असते. आधीच्या अध्यक्षाने काय केलं होतं, त्याचं पुढे काय झालं, हे विचारणं आमच्यात असभ्य समजतात. त्यामुळे गावात फिरलात तर क्लबाच्या पाट्या जागोजाग ठणठणीत दिसतील. पाटीखालच्या पाणपोईला तोटी नसेल, बाकाला पाठ नसेल, शाळेतल्या स्वच्छतागृहाला कुलूप असेल आणि त्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हे विचारलंत तर आम्ही तुमच्याकडे दुखावल्यासारखं पाहू. दुरुस्ती या शब्दाचं आम्हाला वावडं आहे. दुरुस्तीला पाटी लावता येत नाही आणि फीत तर मुळीच कापता येत नाही.

असाच एक हापसा आधीच्या अध्यक्षांनी धडगावच्या घाटात वरच्या अंगाला एका पाड्यावर बसवला होता. त्याआधी पाड्यावरच्या बाया खाली नाल्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणायच्या, तो चढ मी एकदा रिकाम्या हाताने चढलोय आणि दोनदा बसलोय. उद्घाटनाला आम्ही तीन गाड्या भरून गेलो होतो. साडूंनी तिथेही बायांची रांग लावली. अध्यक्षांनी फीत कापली, फोटो झाले आणि पहिला हापसा मारायचा मान एका म्हातारीला मिळाला. पाणी आलं तशी ती बोळक्या तोंडाने हसली आणि तिने ओंजळभर पाणी साडूंच्या अंगावर उडवलं. आम्ही सगळे हसलो. साडू मात्र परतीच्या वाटेत शर्ट वाळू देत नव्हते, अशी मी घरी त्यांची थट्टा केली होती.

यंदा थंडीत क्लबातर्फे घोंगड्या वाटायला साडू पुन्हा त्या पाड्यावर गेले. हापसा बंद होता. दांडा वर-खाली व्हायचा, पाणी यायचं नाही. पाड्यावरची धडधाकट माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली, मागे म्हातारी माणसं आणि बारकी पोरं. ती म्हातारी हंडा घेऊन नाल्याकडे उतरत होती. होळीला सगळे परत येतात. डोंगरात होळी म्हणजे काय असते ते इकडच्यांना सांगून कळायचं नाही, वर्षभर कुठेही राबणारा माणूस त्या दिवशी आपल्या गावात असतो. घरी आलेल्या माणसांना प्यायला पाणी कुठून आणायचं, असं तिने विचारलं. तिथल्या शाळेच्या मास्तरांनी तिचं बोलणं साडूंना मराठीत सांगितलं. साडूंनी होळीच्या आत हापसा सुरू करून देण्याचा शब्द दिला. टाइम ऑफिसातल्या माणसाने दिलेली वेळ होती ती.

पुढच्या गुरुवारी त्यांनी रीतसर ठराव मांडला. यंदाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, अत्यंत हसतमुख. त्यांनी हसतमुखाने सांगितलं, की हा प्रकल्प आपल्या कार्यकाळातला नाही. साडू माजी अध्यक्षांकडे वळले. ते म्हणाले, आपला कार्यकाळ संपला. शिवाय दुरुस्तीच्या निमित्ताने आपली पाटी काढून दुसरी लावणार असतील, तर आपला विरोध नोंदवून घ्यावा. यावर डॉक्टरांनी तोडगा काढला. बसस्थानकासमोरचा सेल्फी पॉइंट एकदा उभा राहिला, की त्याच पाड्यावर शेजारी नवा बोअर मारू, नवा हापसा बसवू, दणक्यात उद्घाटन करू. म्हणजे होळीनंतर कधीतरी. तेव्हा साडूंची सभेतली मराठी पहिल्यांदा सुटली.

"साहेब, जुना हापसा चांगला शे. त्याले फक्त वायसर पाहिजे. पाटीवर तुम्हनं नाव लावा, पन वायसर टाकू द्या."

सभागृह खळखळून हसलं. ठराव पुढच्या सभेवर गेला, तिथून त्याच्या पुढच्या, आणि भाजी आली.

मग साडूंनी ठरावाची वाट पाहणं सोडलं. शेजारच्या प्रकाशा गावचा एक फिटर त्यांच्या ओळखीचा होता, पण तो ज्या दुकानात कामाला होता त्या दुकानाला सुट्टी फक्त गुरुवारी. म्हणजे आमच्या सभेच्या दिवशी. सकाळी निघायचं, घाट चढायचा, दिवसभर काम करायचं, परत यायला रात्र. पहिल्या गुरुवारी वायसर काढायला म्हणून पाइप उपसले, तर आतली सळई तुटलेली. सळई नेली तर पाइपाला भोकं. पाइप बदलले तर दांड्याची साखळी गेलेली. ते वजन उचलायला पाड्यावर जवान माणूस नाही, म्हणून साडू स्वतः, तो फिटर आणि दोन म्हातारे असे मिळून पाइप ओढायचे. त्यांच्या तळहातांची सालं निघाली होती. माझ्या मेहुणीबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, माझ्या बायकोला म्हणाल्या, "घरमा नळ गळी ऱ्हायना, आनि ह्या डोंगरवर हापसा दुरुस्त कराले चालनात." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तो नळ अजून गळतो आहे.

इकडे दर गुरुवारी दारात कुणी उभं नव्हतं. सभासद निवांत यायचे, फोन मनसोक्त वाजायचे, वर्ष सुरू झाल्यापासून डॉक्टर पहिल्यांदाच एवढे मोकळे दिसत होते. आमच्याकडे लागोपाठ चार सभांना गैरहजर राहिलेल्याचं सदस्यत्व जातं. हा नियम घटनेत धूळ खात पडला होता, तो पुसून लखलखीत केला साडूंनीच. त्याच्या जोरावर त्यांनी एका जिनिंगवाल्याला आणि खुद्द बँकेच्या मॅनेजरांना घरी बसवलं होतं. सेवाकार्यावर गेलेल्याची गैरहजेरी माफ असते, पण ते कार्य क्लबाने मंजूर केलेलं असलं तर. ठराव मंजूर झाला असता, तर साडू घाटात पाइप ओढत असतानाही सभेत हजर धरले गेले असते. मी डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन त्यांना हे समजावलं, विनवलं, शेवटी भांडलो. त्यांनी माझा दात फुकट तपासून दिला.

चौथ्या गुरुवारी हापशाला पाणी आलं. होळी तोंडावर होती. त्यानंतरच्या सभेला साडू नेहमीसारखे वेटरांच्या आधी आले, घंटा पुसली, दारात उभे राहिले. शिस्तीचा अहवाल वाचायची वेळ आली तेव्हा ते उठले आणि हजेरीच्या नियमानुसार अमुक सदस्याचं सदस्यत्व संपुष्टात आलं आहे, असं खणखणीत आवाजात स्वतःचं नाव घेऊन सांगितलं. कुणीतरी उठेल आणि अहो बसा, काय हे, असं म्हणेल असं मला वाटलं. मी उठलो, बोललो, पण मी साडू, माझं कोण ऐकणार. अध्यक्ष म्हणाले, नियम सर्वांना सारखा. इतक्या तत्परतेने त्यांनी वर्षभरात दुसरा कुठलाच निर्णय घेतला नव्हता. साडूंनी पट्टा काढला, घडी केली, बिल्ला त्यावर ठेवला. पण सभा अर्ध्यावर सोडून जाणं बेशिस्त, म्हणून सभा संपेपर्यंत ते पाहुण्यांच्या खुर्चीत बसून राहिले. जेवले मात्र नाहीत. ते सदस्यांसाठी असतं.

त्या महिन्याच्या आमच्या पत्रिकेत पाड्यावरच्या वाहत्या हापशाचा फोटो छापला गेला. खाली 'पूर्वीच्या प्रकल्पांचा यशस्वी पाठपुरावा' असं शीर्षक आणि शेजारी डॉक्टरांचा हसरा चेहरा. ती पत्रिका मी फाडली. सेल्फी पॉइंटही झाला, त्याच्या अक्षरांतले दिवे सध्या बंद आहेत आणि जुलै जवळ आल्यामुळे ते तसेच राहतील. क्लब सोडावा असं मला दर आठवड्याला वाटतं, आणि तरी मी दर गुरुवारी जातो. का जातो, ते सांगतो.

सदस्यत्व गेल्यापासून साडू दर शुक्रवारी सकाळी माझ्याकडे चहाला येतात. पेपर उघडतात, पण वाचत नाहीत. पाऊसपाण्याचं बोलून झालं की मग सहज विचारल्यासारखं विचारतात, काल सभेत काय झालं. पहिल्या शुक्रवारी मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. सभेत काय व्हायचं, कुणी त्यांची आठवणही काढली नव्हती. पण त्यांच्या हातातली बशी तशीच धरलेली पाहिली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की आबा, काल तुमचाच विषय होता. सराफ म्हणाले, सार्जंटसाहेबांशिवाय सभेला सभापण नाही. साडूंनी चहा घेतला, सराफ तसा मनाने बरा आहे असा शेरा मारला आणि उठले.

तेव्हापासून दर शुक्रवारी मी काहीतरी सांगतो. कधी डॉक्टर हळहळले म्हणून, कधी माजी अध्यक्षांनी हापशाचं कौतुक केलं म्हणून, कधी घंटा काळी पडली म्हणून कुणी चुकचुकलं. गुरुवारी सभेत बसल्या बसल्या मी उद्याचंच जुळवत असतो, वक्ता काय बोलतो याकडे माझं लक्ष नसतं. मागच्या शुक्रवारी मी जरा जास्तच रंगलो. सगळी सभा तुमच्यासाठी उभी राहिली, टाळ्या थांबेनात, असं काहीसं सांगून टाकलं. साडूंनी पेपरची घडी घातली. माझ्याकडे पाहिलं, पण ती दारातली नजर नव्हती.

"मास्तर, तुले खोटं बोलता येत नही," ते म्हणाले. मग त्यांनी रिकामा कप माझ्याकडे सरकवला. "पन सांगत ऱ्हाय."